ओल्या झुडपांतून फिरताना जॅकेट आतून भिजते: कारण कसे ओळखावे आणि पुढचे जॅकेट कसे निवडावे

जून ते सप्टेंबर या काळात अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर किंवा इगतपुरीकडच्या डोंगरांत वनस्पतींच्या नोंदी, पक्षीगणना, गस्त अशा कामांसाठी झाडोऱ्यात शिरणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. जॅकेट चांगल्यापैकी महाग आहे, लेबलवर जलरोधक असे लिहिले आहे, नाशिकहून त्र्यंबकपर्यंत मोटारसायकलवर भर पावसात येताना आत थेंबही आला नाही, आणि कारवीच्या रानात तासभर चालल्यावर मात्र बाह्या, खांदे आणि मांड्या चिंब झाल्या. बहुतेक जण जॅकेट खराब निघाले असे समजतात आणि पुढच्या वर्षी त्याहून महाग जॅकेट घेतात. तेही भिजते. ही तक्रार एका दोषाची नसून तीन-चार वेगवेगळ्या दोषांची आहे, आणि त्यांतला आपला कोणता हे ओळखल्याशिवाय केलेली खरेदी वाया जाण्याचीच शक्यता जास्त असते.

आधी पावसातला आणि झुडपातला फरक समजून घ्यायला हवा. पाऊस कापडावर पडतो आणि ओघळून जातो. झुडपातले पाणी पडत नाही, ते घासले जाते. कारवीची खरखरीत पाने पाण्याने भरलेली असतात, ती दोन्ही बाजूंनी अंगावर घासतात, आणि प्रत्येक पाऊल पुढे टाकताना तोच दंड, तीच मांडी, तोच खांदा पुन्हा पुन्हा ओल्या पानांवर दाबला जातो. करवंदीचे काटे सरळ टोचतात, तर घाणेरीचे आकडे बारीक असले तरी मागे वळलेले असल्यामुळे कापडाचा धागा ओढून काढतात. म्हणजे येथे एकाच वेळी पाणी, दाब, घर्षण आणि काटे या चौघांशी गाठ असते, आणि बाजारातली बहुसंख्य हलकी जॅकेटे पहिल्याचाच विचार करून बनवलेली असतात.

ओल्या झुडपातल्या कपड्यांचा सर्वांत बारकाईने विचार युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी झालेला आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार शिकार बेकायदेशीर आहे, त्यामुळे तो अनुभव आपल्याला वनरक्षक, अभ्यासक आणि डोंगरभटक्यांच्या गरजेला लावून घ्यावा लागतो. तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिकडचा शिकारीचा हंगाम बराचसा थंडीत असतो आणि आपला पाऊस उष्ण असतो. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पाणी आले कोठून?

घरी परतल्यावर जॅकेट लगेच दोरीवर टाकू नये. ते उलटे करून उजेडात धरावे आणि ओल कोठे आहे हे हाताने चाचपून पाहावे. पाठीचा वरचा भाग, काखा, छाती असा सगळीकडे सारखा दमटपणा असेल, आणि झुडपांचा स्पर्शही न झालेल्या जागा ओल्या असतील, तर ते पाणी बाहेरचे नाही, आपल्याच घामाचे आहे. ओल शिवणीच्या रेषेने सरळ पट्ट्यासारखी दिसत असेल, तर आतून शिवणीवर चिकटवलेली पट्टी सुटली आहे. खांद्यावर सॅकच्या पट्ट्याखाली, कोपरापासून मनगटापर्यंत किंवा गुडघ्यावर ठळक डाग असतील, तर कापड तेथे झिजले आहे किंवा दाबाखाली हार खात आहे. मनगट, गळा आणि खालची कड येथून वर चढत गेलेली ओल असेल, तर जॅकेटचा काही दोष नाही. आतल्या सुती शर्टाची बाही कफच्या बाहेर डोकावत होती आणि तिने वातीसारखे पाणी आत ओढले, एवढेच.

घाम की गळती, हा संशय पूर्ण फेडायचा असेल तर एक सोपी चाचणी आहे. कोरड्या जॅकेटच्या संशयित भागाची, बाहेरची बाजू वर ठेवून, लहान झोळी करावी आणि तीत मगभर पाणी ओतावे. खालची बाजू कोरड्या वर्तमानपत्रावर टेकवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. येथे अंग नाही, घाम नाही. कागदावर जे उमटेल ती गळतीच. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण झोळीत 10 सेंटिमीटर उंच पाणी असले तरी त्याचा दाब 100 मिलिमीटर एवढाच असतो. झोळीचे तोंड मुठीत पिळून बंद करावे आणि दुसऱ्या हाताने ती जोरात दाबावी. स्थिर पाण्याला दाद न देणारे कापड पिळल्यावर बारीक थेंब सोडू लागले, तर झुडपात होणारी गळती आपल्यासमोरच आली असे समजावे. शिवणी याच रीतीने एकेक करून तपासाव्यात, विशेषतः खांद्याची आणि टोपी जोडलेली.

लेबलवरच्या 5,000, 10,000 किंवा 20,000 मिलिमीटर या आकड्यांचा अर्थही येथेच लक्षात येतो. कापड किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सहन करते, याचे ते माप आहे. 10 किलो भार सॅकच्या पट्ट्यांखालच्या 100 चौरस सेंटिमीटर जागेवर आला, तर दाब साधारण 1,000 मिलिमीटर होतो. ओल्या जमिनीवर गुडघा टेकून फुलाचे छायाचित्र घेताना 35 किलो भार 40 चौरस सेंटिमीटरवर आला, तर तोच दाब 8,750 मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणून जॅकेटला 10,000 पुरेसे आहे, गुडघ्याला मात्र तेवढेही अपुरे पडू शकते. शिवाय हे आकडे नव्या कापडाचे असतात. एका हंगामाच्या घर्षणानंतर किती उरतात, हे लेबल सांगत नाही.

सर्वांत जास्त फसवणारे कारण

बहुतेक वेळा दोष गळतीचा नसतो. श्वास घेणाऱ्या जॅकेटमध्ये बाहेरच्या कापडाच्या आत एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. काही मेम्ब्रेनमध्ये सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून वाफ जाते आणि थेंब जात नाही. 1969 मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सापडवलेला पदार्थ या प्रकारचा. पॉलियुरेथेनच्या काही मेम्ब्रेनमध्ये छिद्रेच नसतात, त्या ओलावा शोषून दुसऱ्या बाजूला सोडतात. दोन्ही प्रकारांत बाहेरच्या कापडावर पाणी न ठरू देणारा एक लेप असतो. तो शाबूत असेल तर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात. ओल्या पानांच्या घर्षणाने, चिखलाने आणि अंगाच्या तेलाने तो लेप उडाला की बाहेरचे कापड पाणी पिते, गडद आणि जड होते. मेम्ब्रेन तेव्हाही पाणी अडवतच असते, पण तिच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा थर बसल्यामुळे आतली वाफ जवळजवळ अडकते, आणि ओल्या गार कापडाला आतून लागून तिचे पाणी होते. घालणाऱ्याला वाटते जॅकेट गळले.

हे ओळखणे सोपे आहे. दंडावर ओंजळभर पाणी शिंपडावे. थेंब उभे राहिले तर लेप जिवंत आहे. दंडावर आणि खांद्यावर गडद डाग पसरला आणि काखेजवळ मात्र मणीच राहिले, तर झुडपांनी लेप नेमका कोठे खाल्ला आहे हे डोळ्यांना दिसते.

उपाय खरेदीचा नाही, धुण्याचा आहे. पुष्कळ जण श्वास घेणारे जॅकेट धुवायलाच घाबरतात, आणि मळ साचून लेप निकामी होतो. लेबलवर सांगितलेल्या तापमानाच्या पाण्यात, साध्या द्रव साबणाने, कंडिशनर मुळीच न घालता धुवावे आणि दोनदा-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावे, कारण कापडात उरलेला साबण स्वतःच पाणी आत ओढतो. नंतर उष्णता द्यावी लागते, तिने लेपातले रेणू पुन्हा सरळ उभे राहतात. आपल्याकडे सुकवण्याचे यंत्र घरोघरी नसते. लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल, तर वाळलेल्या जॅकेटवर सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री वाफेशिवाय फिरवावी. एवढे करूनही थेंब उभे राहिले नाहीत, तरच लेपाचा फवारा आणावा, आणि तो बाहेरच्या बाजूलाच मारावा. फ्लोरीनयुक्त रसायनांवरच्या निर्बंधांमुळे अलीकडच्या अनेक जॅकेटांवर फ्लोरीन नसलेला लेप असतो. आरोग्याच्या आणि नद्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण हा लेप तेलाला दाद देतो आणि लवकर मळतो, म्हणून नव्या जॅकेटला जुन्यापेक्षा अधिक वेळा धुवावे लागते.

नाशिकचा पाऊस आणि श्वास घेण्याचे आकडे

आता तो उष्ण पावसाचा मुद्दा. वाफ मेम्ब्रेनमधून बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या त्वचेजवळ, 33 अंश सेल्सिअसला, हा दाब सुमारे 5 किलोपास्कल असतो. बाहेर 5 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरचा दाब 0.8 किलोपास्कलच्या आसपास भरतो आणि वाफेला ढकलायला 4.2 चा फरक मिळतो. आपल्याकडे जुलैत धुक्यात 24 अंश आणि 95 टक्के आर्द्रता असली, की बाहेरचाच दाब 2.8 होतो आणि फरक 2.2 वर येतो. म्हणजे तेच जॅकेट येथे जेमतेम अर्धे काम करते, आणि चढावर घाम मात्र तिकडच्यापेक्षा जास्त येतो.

लेबलवर 20,000 ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति 24 तास असे लिहिलेले असते. दीड चौरस मीटर कापडाच्या जॅकेटला ते लावले, तर तासाला सव्वा लिटर वाफ जायला हवी. चढावर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो, तेव्हा कागदावर हिशोब जुळतो. प्रत्यक्षात तो जुळत नाही, कारण तो आकडा प्रयोगशाळेतल्या अनुकूल स्थितीतला असतो आणि त्याच्या चाचण्याही वेगवेगळ्या आहेत. एका पद्धतीतले 20,000 आणि दुसऱ्या पद्धतीतले 20,000 यांची तुलनाच होत नाही. त्यावर ओले बाहेरचे कापड आणि पाठीवरची सॅक यांनी निम्मा पृष्ठभाग बंद केलेला असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की नाशिकच्या पावसासाठी 10,000 च्या ऐवजी 20,000 साठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे काखेतल्या लांब चेनसाठी आणि जाड कापडासाठी मोजावेत. काखेतून मनगटाच्या दिशेने आणि बरगडीच्या बाजूला उघडणारी, निदान 30 सेंटिमीटरची, दोन्हीकडून सरकणारी चेन कोणत्याही मेम्ब्रेनपेक्षा जास्त वाफ बाहेर टाकते. तिच्यावर पाणी अडवणारी झडप असावी, म्हणजे झुडपात ती थोडी उघडी ठेवता येते.

आपल्या डोंगरातल्या माणसाला हे तत्त्व फार आधीपासून ठाऊक आहे. बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले अंगाला चिकटत नाही आणि खालून मोकळे असते, त्यामुळे भात लावणाऱ्याच्या पाठीला दिवसभर हवा लागत राहते. दाट झुडपात ते अडकते, एवढीच त्याची अडचण आहे. जॅकेट निवडतानाही ते अंगाला घट्ट बसणारे घेऊ नये. आत हवा खेळण्याइतके सैल, पण कारवीच्या खोडांत अडकेल इतके ढगळ नाही, असे माप घ्यावे आणि लांबी नितंब झाकणारी असावी.

बाहेरचे कापड

झुडपासाठी निवड मुख्यतः येथेच होते. कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. ट्रेकिंगच्या हलक्या जॅकेटांचे कापड 20 ते 40 डेनियरचे असते, घाणेरीच्या एका आकड्याने त्याचा धागा बाहेर येतो. बाह्या, खांदे आणि कोपर या जागी 70 डेनियर किंवा त्याहून जाड नायलॉन असावे. सगळे जॅकेट तेवढे जाड असण्याची गरज नाही. पाठ आणि काखा पातळ चालतात, उलट तेथे पातळच बरे. घर्षणाला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चांगले टिकते, पॉलिएस्टर पाणी कमी पिते आणि लवकर वाळते. काट्यांचा प्रश्न असेल तेथे मी नायलॉनलाच प्राधान्य देईन. चौकटीची वीण असलेल्या कापडात फाटलेली जागा पुढे वाढत नाही. हा मोठा गुण आहे, पण त्यामुळे कापड झिजायचे थांबत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

आत तीन थरांची बांधणी असेल, तर मेम्ब्रेन दोन कापडांच्या मध्ये सुरक्षित राहते. अडीच थरांच्या जॅकेटमध्ये तिच्यावर फक्त छापील नक्षी असते. ती अंगाला चिकटते आणि सॅकच्या पट्ट्याखाली लवकर घासली जाते. दोन थर आणि आत सुटे जाळीचे अस्तर हा प्रकार अंगाला मोकळा वाटतो, पण पावसाळा सरता सरता गवताची कुसळे त्या जाळीत जी रुततात, ती चिमट्याने एकेक करून काढावी लागतात.

परदेशी शिकारी जॅकेटांचे बाहेरचे कापड अनेकदा मऊ, लवदार असते, कारण सावजाला फांदीचा खरखराट ऐकू जाऊ नये हा त्यामागचा हेतू असतो. पक्षी पाहणाऱ्यांना त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र ती लव पाणी धरून ठेवते, जॅकेट जड होते आणि आपल्या दमट हवेत दुसऱ्या सकाळपर्यंतही वाळत नाही. मेणाचा हात दिलेले जाड सुती कोट ब्रिटनमध्ये काटेरी कुंपणांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरले जातात आणि काट्यांना ते खरोखर पुरून उरतात, परंतु येथे ते गरम होतात, आणि नीट न वाळवता कपाटात ठेवले तर त्यांना बुरशी लागते. एका जागी बसून किंवा अगदी सावकाश चालून करायचे काम असेल, तर रबरी लेपाचा साधा, सैल, पाठीला झडप असलेला रेनकोटही पुरतो. तो श्वास घेत नाही, पण घासल्याने भिजतही नाही.

पाय

वरच्या अर्ध्या अंगाचा इतका विचार होतो आणि झुडपात आधी भिजतात त्या मांड्या. तेथून पाणी पोटऱ्यांवरून थेट बुटात उतरते. दोनच मार्ग समाधानकारक आहेत. पहिला, गुडघ्यावर आणि मागे दुहेरी कापड असलेली जलरोधक विजार, जिला बाजूने मांडीपर्यंत चेन उघडते. दुसरा, पाय भिजणार हे गृहीत धरून पातळ, लवकर वाळणारी नायलॉनची पँट, आणि तिच्या पायात गेटर, म्हणजे बुटाच्या वरच्या तोंडापासून पोटरीपर्यंतचे आवरण. पहिल्या मार्गातही गेटर घातला, तर विजारीचा पाय त्याच्या बाहेरून सोडावा, आत खोचू नये. आत खोचला की विजारीवरून उतरणारे सगळे पाणी गेटर गोळा करून बुटात सोडतो. दिवसभर चढउतार असेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन. जून-जुलैच्या उबदार पावसात ओल्या पायांनी चालता येते, घामाने उकडलेल्या पायांनी फार वेळ चालता येत नाही. आत सुती बनियन आणि शर्ट मात्र कोणत्याही मार्गात घालू नये.

फाटले तर, आणि हंगाम संपल्यावर

काट्याने फाटलेली जागा शिंप्याकडून शिवून घेऊ नये, कारण सुईचे प्रत्येक भोक नवी गळती असते. फाटलेल्या जागेभोवतीचे कापड स्पिरिटने पुसून कोरडे करावे, आणि नायलॉनचे चिकट ठिगळ कोपरे गोल कापून बाहेरून लावावे. जमल्यास तसेच एक आतूनही लावावे. गोल कोपरा फांदीला अडकून उचकटत नाही. झटपट चिकटणारा गोंद वापरू नये, तो कडक होऊन घडीवर तडकतो आणि मूळ भेग लांब करतो. शिवणीची पट्टी थोडीच सुटली असेल, तर शिवणीसाठी मिळणारा पॉलियुरेथेनचा द्रव पातळ लावून रात्रभर वाळू द्यावा.

ओले जॅकेट घडी करून सॅकमध्ये किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणे हा पॉलियुरेथेनचा सर्वांत मोठा शत्रू आहे. ओलावा आणि उष्णता यांनी त्याचे रेणू तुटत जातात. आधी आंबूस वास येतो, मग आतली बाजू चिकट होते आणि शेवटी पांढरे पापुद्रे सुटू लागतात. ऑक्टोबरमध्ये जॅकेट धुऊन, सावलीत हँगरवर पूर्ण वाळवून, घडी न घालता हवेशीर जागी टांगून ठेवावे. पापुद्रे सुटू लागलेल्या जॅकेटवर फवारा, इस्त्री किंवा नवी पट्टी यांचा काही उपयोग होत नाही. त्यावर आणखी खर्च करू नये. पाठीखालचे आणि खिशाच्या झडपांचे जे नायलॉन अजून घट्ट असेल, ते कापून पुढच्या जॅकेटच्या कोपरांना आतून आधार द्यायला ठेवावे.